बरणीच्या आतल्या रेघा

प्रिय तेत्सुओ,

तू पाठवलेले खारवलेले आलुबुखार पोचले. मी ते इथल्या राय धान्याच्या काळ्या पावावर ठेवून खाते हे ऐकून तुझी बायको कपाळाला हात लावेल. मे महिन्यात कोपनहेगनच्या संग्रहालयात माझ्या एकतीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन आहे, चांगली सात दालनं! उगाच लाजत नाही, कामच तसं झालंय. फक्त त्यांना माझं जपानातलं, सुरुवातीचं एक भांडं हवंय आणि आपल्या गावात, सेतोत, माझ्या नावावर साधी वाटीसुद्धा नाही.

आपल्या चिनीमातीच्या कारखान्यात बायकांनी फक्त नक्षी रंगवायची. चाक पुरुषांचं. त्यातून माझ्या हाताला ते उलटंच फिरवलेलं जमायचं, बाबा ओरडायचे, "उलट्या खोपडीची पोर, ऊठ तिथून!" तुझी स्पर्धेची बरणी चाकावरच तिसऱ्यांदा ढासळली तेव्हा तू रडकुंडीला येऊन म्हणालास, "ताई, माझी लाज राख." बाबा गावाला गेले होते. मी दोन दिवसांत बरणी उभी केली. ती पांढरीशुभ्र बरणी पहिली आली, तुझं नाव झालं आणि पुढच्या वर्षी मी इकडे डेन्मार्कला आले. रागानं नाही आले, असं सगळ्यांना सांगत राहिले. रागानंच आले रे.

इथं पहिल्या दिवशी चाकावर बसले, तर सगळ्यांची चाकं माझ्यासारखीच फिरत होती. कुणी उठवलं नाही. मी हसत सुटले, आणि त्या दिवसापासून माझा हात कधी अडला नाही.

प्रदर्शनाच्या प्रमुख इंगेलिसेबाई गेल्या महिन्यात सेतोला जाऊन आल्या. तुझ्या नावाच्या त्या बरणीत त्यांनी विजेरी धरून पाहिलं. परवा माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाल्या, "आत बोटांच्या रेघा तिथल्या बाकी भांड्यांपेक्षा उलट्या जातात हो. तुमच्या गावात असं कोण घडवायचं?" मी म्हटलं, "भावाला विचारून सांगते."

तेव्हा विचारत नाही, सांगतेच. त्या बरणीखाली माझं नाव लागणार. त्यानंतरची तुझी भांडी तुझीच आहेत आणि उत्तम आहेत. हे मी चारचौघांत सांगेन. पण पहिली माझी आहे. तू स्वतः बोललास, तर उद्घाटनाला आपण शेजारी उभे राहू. नाही बोललास, तर येत्या एक तारखेला मी बोलेन. हे तुला परक्याकडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच ताई,
फुसाए