एकशे चाळीस लॅपटॉप आणि माझा एक चार्जर

ती. दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार (इतका वाकून, की कंबर सरळ करायचं धाडस तुमचं उत्तर आल्यावरच होईल). तुमची पाठ कशी आहे? लेथसमोर उभं राहून पुन्हा धरली असेल तर शेकत जा, ताईचं ऐकत जा. भाचीचे पुढचे दोन दात आले का, की अजून हसताना हात आडवा धरते? मी इथे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. हे पत्र आणि सोबतचं जड खोकं आमच्या मालाच्या गाडीचा ड्रायव्हर तुम्हाला कारखान्याच्या गेटवर देईल. घरी का पाठवलं नाही ते पुढे कळेल. फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते, आणि तिच्याशी बोलताना मला खोटं जमत नाही आणि खरं सुचत नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण नीट माहीत नाही, कारण मी घरी ते जरा फुगवून सांगितलंय. मोठमोठ्या ऑफिसांतून टाकून दिलेले लॅपटॉप आमच्याकडे खोक्यांतून येतात. ते पुसायचे, तपासायचे, चांगले ते विकायचे आणि सुस्त असतील ते तोडायच्या टेबलावर द्यायचे. तिथे त्यांचे स्क्रीन आणि आतले सुटे भाग काढून घेतात. पहिले चार महिने मी फक्त पुसायचो. मग एक दिवस मालकांनी मला टेबल, वही आणि घड्याळ दिलं आणि म्हणाले, हे जुने भारीतले लॅपटॉप एकमेकांशी ताडून बघ आणि कुठला चांगला ते मला सांग. दाजी, सातवीत शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझी छाती इतकी फुगली की त्या दिवशी दारातून मला तिरकं जावं लागलं.

आता प्रोसेसर म्हणजे काय ते सांगतो (मीही दोन महिन्यांपूर्वीच शिकलोय, त्यामुळे न थांबता सांगू शकतो). तो लॅपटॉपचा मेंदू. त्याच्या पिढ्या असतात, आपल्या घराण्यात असतात तशा. चौथ्या पिढीतला जाडजूड, चार कोअरचा, म्हणजे चार माणसांचं काम एकटा ओढणारा. पण तापतो फार, आणि त्याचा पंखा सासऱ्यासारखा सतत कुरकुरतो. सातव्या पिढीतला सडपातळ, शांत, पण पुष्कळदा दोनच कोअरचा. गंमत अशी की दोघांच्याही अंगावर ‘आय सेव्हन’ हेच लेबल. नाव एक म्हणून दोघांना सारखं समजायचं नाही, आणि पिढी नवी म्हणून जास्त शहाणी समजायची नाही (हे तुमच्या वडिलांनी माझ्याकडे बघत एकदा म्हटलं होतं, तेव्हा मला राग आला होता). नुसत्या लेबलावर जायचं नाही, करून बघायचं. आमची रीत अशी: एकच वीस मिनिटांची फिल्म प्रत्येक लॅपटॉपला बारीक करायला, म्हणजे कमी जागेत मावेल अशी दाबायला द्यायची, किती वेळ लागला तो कागदी चिकटपट्टीवर लिहायचा आणि पट्टी झाकणावर लावायची. दीड महिन्यात मी एकशे चाळीस लॅपटॉप असे तोलले. सडपातळ सतरा मिनिटांत फिल्म संपवायचा. आणि ज्यांचा एके काळी एवढा दरारा, ते जाडे चौतीस मिनिटं घ्यायचे. मला त्यांची कीव यायची. म्हातारपण कुणाला चुकलंय, असं म्हणत मी पट्टीवर ‘सुस्त’ लिहायचो आणि तोडायच्या टेबलावर सारायचो.

याच दिवसांत ताईचा फोन आला होता. घरबसल्या घरांचे नकाशे काढायचं काम मिळालंय, महिनाभर काम बघून मला ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत, इमारतीचं रंगीत चित्र झटपट काढेल असा लॅपटॉप पाहिजे, तुला यातलं कळतं तर तूच निवड. मी वही उघडली, सगळ्यात वरचा सडपातळ लॅपटॉप काढला, पुसला, पुन्हा पुसला आणि पाठवला.

मागच्या सोमवारी डागवाले काका (आमच्याकडे सर्किटला डाग देतात, म्हणजे सोल्डरिंग करतात ते, दिवसभरात चार वाक्यं बोलतात) माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी एक जाडा लॅपटॉप सुरू केला, पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, मी बटण दाबून पुढे गेलो.

काका म्हणाले, “ते काय दाबलंस?”

“पुढे जायचं बटण.”

“आणि लिहिलं काय होतं?”

“रोजचंच असतं ते, काका. सुरू होताना नमस्कार-चमत्कार करत असेल.”

काकांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि त्या दोन ओळी मला मराठीत वाचून दाखवल्या. मशीन म्हणत होतं, लावलेला चार्जर माझ्या ताकदीला पुरत नाही, म्हणून मी हळू चालणार आहे. चालत असेल तर बटण दाबा.

दाजी, माझ्या टेबलावर चार्जर एकच. सडपातळ लॅपटॉपचा, हलका. पिन सगळ्यांना बसायची, म्हणून मी तोच सगळ्यांना लावला. ही बिचारी मशीनं दीड महिना हात जोडून सांगत होती, की अरे बाबा, उपाशीपोटी पळवू नकोस, आणि मी प्रत्येकाला बटण दाबून ‘चालेल’ म्हणत होतो. तुमचा लेथ घरातल्या मिक्सरच्या वायरवर जोडायचा आणि वर पाटी लावायची ‘लेथ सुस्त’, तसं झालं. काकांनी कपाटातून विटेएवढा चार्जर आणून लावला. त्याच म्हाताऱ्याने तीच फिल्म दहा मिनिटांत संपवली. पंखा तेवढा कुरकुरला, पण तो त्याचा हक्क आहे.

तोपर्यंत एकतीस जाडे तोडून झाले होते. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्या पट्ट्या वाचल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तू प्रोसेसर तोललेच नाहीस. एकच चार्जर एकशे चाळीस वेळा तोललास.” मला काढलं नाही. रोज सकाळी नखाने पट्ट्या सोलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, एवढंच सांगितलं. टेबलावर तुटलेल्यांच्या स्क्रूंची एक वाटी आहे. ती बघवत नाही, म्हणून मी तिकडे पाठ करून बसतो. पुसणारा होतो तेच बरं होतं. फडक्याला कुणी मत विचारत नाही.

म्हणजे ताईला मी पाठवला तो चांगल्यातला चांगला नव्हता, उपाशी पहिलवानांना हरवून आलेला होता. तिची चित्रं जवळजवळ निम्म्या वेगाने निघत असणार. येत्या शनिवारी तिचा महिना भरतो.

थोरांना नमस्कार, भाचीला पापा. चुकलंमाकलं पोटात घाला, आधीच पुष्कळ घातलंय तुम्ही.

तुमचाच,
मेव्हणा

ता. क. – आता खरं काम. खोक्यात चौथ्या पिढीतला जाडा आहे, सोबत त्याचाच चार्जर, मी तीनदा बघून घेतलाय. तर तुम्ही असं करा. आज घरी गेल्यावर पाणी पिता पिता तांब्या त्या सडपातळ लॅपटॉपवर सांडा. ताई रागावेल, पण तुमच्यावर, आणि तुम्हाला त्याची सवय आहे. मग म्हणा, मेव्हण्याला कळवलं, त्याने ताबडतोब दुसरा पाठवला. म्हणजे तिचं कामही होईल आणि मला यातलं कळतं हा घरातला समजही शाबूत राहील. घराण्यात माझ्याविषयीचा चांगला समज तेवढा एकच आहे.

आणखी ता. क. – पत्र बंद करायच्या आत, जेवणाच्या सुटीत ताईचा फोन आला. मशीन कसं चाललंय म्हणून भीत भीत विचारलं. म्हणाली, उत्तम आहे रे, माझाच हात हळू चालतोय. काम देणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनाही तिने तसंच सांगितलंय. त्या म्हणत होत्या, मशीन दुसरं बघा. तर ही म्हणाली, मशीन माझ्या भावाने पारखून दिलंय, ते हळू असणारच नाही, मीच कमी पडतेय. तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि “जेवलीस का” एवढंच बाहेर पडलं.

तेव्हा दाजी, काही सांडू नका. आज रात्री तिला समोर बसवा आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, आणि शनिवारच्या आत तिला त्या बाईंना सांगायला लावा, की चूक हाताची नाही, भावाची आहे. तांब्याचा भाग तेवढा गाळा.