काखेतला उजेड

५ मे
ग्लेनिसताईने ओढत औषधाच्या दुकानात नेलं. फ्लूची लस, दोघींना. "उजव्या हातात टोच," माझ्या वतीने तीच दुकानातल्या पोरीला दटावत होती. "डावा हिचा डायलिसिसचा. त्याला वाराही लागू द्यायचा नाही." नवी किडनी बसून डायलिसिस सुटल्याला सोळा वर्षं झाली, तरी डावा हात सोवळ्यातच! नंतर बाकावर बसून सॉसेज रोल खाल्ले. तिचा करपलेला होता, तिने बदलून घेतला.

११ मे
उजव्या मनगटावरची गाठ कापली होती, तिचं उत्तर आलं. कातडीचा कॅन्सर. तेविसावा. किडनी टिकवायच्या गोळ्यांनी अंगाची प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यात अकरा वर्षं शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून द्यायला 'थांबा'ची पाटी धरून क्वीन्सलँडच्या उन्हात — व्हायचेच. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एव्हिस, हा नेहमीचा नाही. हा पळतो." ब्रिस्बेनला स्कॅन. पसरला असेल तर गोळ्या कमी कराव्या लागतील. मग किडनी जाऊ शकते.

काही वाटलं नाही. येताना ब्रेड घेतला.

१४ मे
स्कॅन. आधी फॉर्म, वीस प्रश्न. असे शेकडो भरलेत मी. न वाचताच 'नाही'च्या रकान्यात वरून खाली खुणा करत गेले.

डावा हात नको, उजव्यावर जखम — म्हणून सुई पायात. किरणं सोडणारी साखर टोचतात आणि तासभर पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. ताई म्हणाली होती, "हे तुला जन्मात जमायचं नाही." जमलं.

१८ मे
पडद्यावर मी राखाडी. उजव्या काखेत दोन ठिपके लखलखीत. खाली ओटीपोटात डॅफ्नीही उजळलेली. डॅफ्नी म्हणजे ताईने दिलेली किडनी, नावही तिनेच ठेवलेलं. "ती साखर गाळतेय, तिचं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "काखेतल्या गाठींत सुई घालून बघू, सत्तावीसला. तोवर गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या."

गाडीत ताई ओरडलीच. "जाऊ दे तिला! तू जगावीस म्हणून दिली, तिची राखण करायला नाही!" मग रडली. मी बाहेरचा ऊस बघत होते. मला रडूच येईना, त्याची लाज वाटली.

१९ मे
किडनीच्या गोळ्या घेतल्या नाहीत. कॅन्सर पळतोय आणि मी सत्तावीसपर्यंत बसून राहू?

२० मे
आजही नाही. कुणाला बोलले नाही.

२७ मे
काखेत सुई झाली. रक्तही घेतलं. पाय सुजलेत, लघवी कमी. म्हणजे डॅफ्नी निघाली. बरं.

परवा तिचा, म्हणजे ती माझ्यात बसवली त्या दिवसाचा, वाढदिवस. दरवर्षी ताई लॅमिंग्टन केकचे तुकडे रचून वर मेणबत्त्या लावते. म्हटलं, यंदा नको. "का नको? निरोपाचा तरी करू!"

२९ मे
बाईंचा फोन. गाठी साफ, कॅन्सर नाही. "अलीकडे त्या हातात कुठली लस घेतली होतीस का?"

घेतली होती.

"मग तो उजेड लसीचा, लसीने काखेतल्या गाठी फुगतात. पण रक्तातला किडनीचा आकडा तिप्पट कसा झाला? गोळ्या घेतेयस ना, एव्हिस? बॅग भर आणि आत्ता ये."

दारात ताई उभी. हातात ताट, सोळा मेणबत्त्या. "काय म्हणतेय आमची डॅफ्नी?"