भिंतीवरचे बाबा

मुनिरका, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या चिखलदऱ्याच्या बागेतली कॉफी भाजून विकणाऱ्या त्या गुडगाववाल्याच्या कॅफेत आज न सांगता धडकले. यंदाच्या बिया बाबांनी त्याच्यासाठी राखून ठेवल्यात आणि हा त्यांचा फोन उचलत नाही. भिंतीवर मात्र बाबांचा हसरा फोटो! गिऱ्हाइकाला सांगत होता, "अंकल तो फॅमिली हैं, रोज बात होती है."

मी तिथूनच बाबांना मेसेज केला, आत्ता फोन लावा त्याला. काउंटरवरचा मोबाइल वाजला. नाव बघून त्याने तो पालथा ठेवला.

मी खुर्चीवर चढले आणि फोटो काढून घेतला.

"मॅडम, ये क्या?"

"अपने बाप को घर ले जा रही हूँ."

चोरी झाली का ही? होऊ दे. फोटो खोलीत आणलाय, तसाच हसतोय.

आत्ता बाबांचा फोन आला. म्हणे, "उचलला नाही गं त्याने. कामात असेल बिचारा."