न्हाणीघराची कडी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे तुझ्या पत्रांत असतं तितपत.

तक्रार गंभीर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाला निवांत अंघोळीचा अधिकार या घरात उरलेला नाही. शौर्यपदक मिळवलेल्या आपल्या वडिलांनी न्हाणीघराची कडी स्क्रूसकट उपटली. घरातली ती शेवटची; बाकीच्या त्यांनी आधीच काढल्यात. आत कुणी आहे हे कळावं म्हणून मी गात राहतो. काल शेजारीण ओरडली, "भाऊ, दार लागत नसेल तर निदान तोंड तरी लावा!"

वैतागून बाबांना म्हटलं, "शत्रू काय मोरीतून येणार आहे?"

आणि त्यांनी चक्क उत्तर दिलं. युद्धाबद्दल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रणगाड्याचा चालक पुढे, खाली बसतो. त्याचं झाकण डोक्यावर. तोफ फिरून त्या झाकणावर थांबली, तर ते उघडत नाही. म्हणून गोळा डागला की तोफ बाजूला घ्यायची. बाबा तोफेवर होते. त्या दुपारी त्यांनी तीन रणगाडे उडवले. तिसऱ्यानंतर तोफ त्या झाकणावरच राहिली. मग यांच्यावरच गोळा आला, आग लागली, तोफ हलेना. बाबा वरून बाहेर पडले.

"तो आतून ठोकत होता," म्हणाले. "पदक तिसऱ्या गोळ्याचं दिलं." मग म्हणाले, "दूध उतू चाललंय बघ."

बाबांबद्दल डॉक्टर म्हणतात, हिवाळा निघेल. पुढचं बोलत नाहीत. बाबा तुझं नाव काढतात आणि लगेच पेपर उघडतात.

आता जे टाळतोय ते. तू नववीत होतीस. अडगळीच्या खोलीत अडकून आतून दार ठोकत होतीस. बाबांनी तुला बाहेर ओढून पाहुण्यांसमोर थोबाडीत मारली. "मी कडी लावली नव्हती" हे तुझं त्यांच्याशी शेवटचं धड वाक्य. खरंच नव्हती लावलीस. बाहेरून मी लावली होती. बाबांची चाहूल लागताच हळूच काढली आणि म्हटलं, "ताईनं आतून लावून घेतलंय."

काल त्यांना हे सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "इकडे ये."

मी गाल पुढे केला. त्यांनी मारली. हातात आता जोर नाही त्यांच्या, फारशी लागली नाही.

"तिला कळव," म्हणाले.

कळवलं.

तुझी थोबाडीत उशिरा खाल्लेला,
धाकटा