न पाहिलेला सूर्य

दि. २४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

तीर्थरूप मोठेबाबांना टिकेशचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? लवकर येणारा हलका धान कापून झाला असेल, भारी अजून उभा असेल. उर्वशीला भाऊबीजेचे आशीर्वाद सांगा. तिला म्हणावे, भाऊ तुला विसरला नाही.

तुमच्या मागच्या पत्राचे उत्तर राहूनच गेले. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रांवर आलो. मी बंदरातून लिहायचे आणि तुम्ही परीक्षकासारखे उलट प्रश्न पाठवायचे. जुन्या काळी खलाशांना उत्तर-दक्षिण कळे, पण पूर्व-पश्चिम आपण कुठवर आलो ते कळत नसे, हे मी तुम्हाला लिहिले होते. रेखांश चुकला म्हणून तीनशे वर्षांपूर्वी विलायतेची जहाजे घराच्या तोंडाशी येऊन खडकांवर फुटली. मग एका सुताराने उभा जन्म खर्ची घालून समुद्रावरही बरोबर चालणारे घड्याळ केले. ते पत्र तुम्ही शाळेत वाचून दाखवलेत. मग मला विचारलेत, "अन् ज्याच्यावर भरोसा ठेवला तेच खोटं बोलून राहिलं, तं खलाशानं काय करावं?"

करायचे काय, ते तुम्हीच मला लहानपणी शिकवले होते. अंगणात खुंटी ठोकून तुम्ही दुपारची सर्वांत आखूड सावली पाहायला लावायचात आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले, त्यावरून गावाचा रेखांश काढून घ्यायचात. सूर्य वर्षभरात घड्याळाच्या काही मिनिटे मागेपुढे माथ्यावर येतो, पहिल्या वर्षी तो हिशेब धरायचे मी विसरलो. फेब्रुवारीत आपला कामठा अकोल्याजवळ निघाला आणि नोव्हेंबरात छत्तीसगड ओलांडून ओडिशात गेला. तुम्ही हसून हसून लोटपोट झालात. "गाव हललं नाई बापा, तू हललास," म्हणालात.

आता जहाजाचे सांगतो. हल्ली उपग्रहाच्या यंत्रावर ठिकाण आपोआप दिसते. तरी शिकाऊ पोरांनी सूर्य मोजून रोज ठिकाण काढायचेच असते. आम्ही काय करायचो, तर यंत्रावरचे ठिकाण बघायचे, त्यावरून सूर्य किती उंच दिसला असता ते उलटे काढायचे आणि तोच आकडा मोजला म्हणून लिहायचे. उत्तर नेहमी बरोबर! वरिष्ठ शाबासकी देत. ते सगळे मी तुम्हाला रंगवून लिहिले. सूर्याशी बोलतो म्हणे मी! मोठेबाबा, शिकाऊपणाच्या पहिल्या काही दिवसांनंतर, पुढे अधिकारी झाल्यावरही, मी मनापासून सूर्य मोजलेलाच नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तांबड्या समुद्रात होतो. तिथे लढाईमुळे कोणीतरी खोटे संकेत सोडते आणि जहाजाचे यंत्र भलतेच ठिकाण दाखवते. कधी जहाज विमानतळावर उभे दिसते, ते लगेच कळते. त्या दिवशी मात्र दाखवलेले ठिकाण खऱ्यापासून थोडेथोडेच सरकत होते. कप्तानांना शंका आली. मला म्हणाले, "यंत्रावर विश्वास नको. सूर्य घे आणि सांग."

मी बाहेर गेलो. धुळीने क्षितिज दिसत नव्हते आणि क्षितिजाशिवाय सूर्याची उंची मोजता येत नाही. "साहेब, आज जमत नाही," एवढेच म्हणायचे होते. मला ते जमले नाही. मी आत आलो आणि ज्या यंत्राची परीक्षा घ्यायची होती, त्याच्याकडेच पाहून उत्तर लिहिले. कप्तानांना सांगितले, सूर्यही तेच म्हणतो. त्यांनी माझ्यावर भरोसा ठेवून जहाज पुढे नेले.

खोली मोजणारे यंत्र ओरडू लागले तेव्हा खाली रेतीचा उथळ पट्टा होता. कप्तानांनी जहाज वळवले आणि ते जेमतेम निघाले. कोणाला काही झाले नाही. मग त्यांनी मला शांतपणे विचारले, "एवढ्या धुळीत तू कोणता सूर्य पाहिलास?" पुढच्या बंदरात मला उतरवले. आता चौकशी आहे, नोकरी बहुतेक गेली. जावी अशीच करणी आहे माझी.

पण मला जिची सर्वांत जास्त लाज वाटते ती ही गोष्ट नाही.

मी दसऱ्यापासून कुडव्यात आहे, पीयूषच्या खोलीवर. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो पीयूष. कामठा इथून गाडीवर किती जवळ, ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीचे फटाके मी इथे खिडकी लावून ऐकले.

आज सकाळी तुम्ही दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, आपल्या मंडईसाठी, माझा फ्लेक्स करायला कुडव्यातल्या दुकानात आला होतात. बाजूच्या पानठेल्यामागे मी होतो. तुम्हाला कमी ऐकू येते म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता, त्यामुळे शब्द न् शब्द मला कळला.

"मंडईच्या स्टेजवर लावाचा हाय, रविवारी. लिव्ह, कामठ्याचा कप्तान."

दुकानदार म्हणाला, "काका, फोटो तो छोटा आ रहा है."

"मंग मोठा कर ना बापा! बहिणीनं काल याच फोटोले ओवाळलन. आमचा पोट्टा यंत्राच्या भरोशावर नाई, सूर्य पाहून जहाज चालवते. समजला काय?"

मग पायरी उतरताना तुमचा गुडघा अडकला. तुम्ही भिंतीला हात लावून उभे राहिलात, इकडे-तिकडे पाहिलेत. मी चार पावलांवर होतो आणि मी आलो नाही. एका परक्या बाईने तुमचा हात धरून तुम्हाला खाली उतरवले. बाबांच्या मागे तुम्ही, त्यांच्या थोरल्या भावाने, मला आणि उर्वशीला वाढवलेत, आणि मी पानठेल्यामागे श्वास दाबून उभा राहिलो, तुम्हाला दिसू नये म्हणून.

जहाजावर मी भित्रा निघालो, ते कदाचित तुम्ही माफ कराल. हे माफ करा, असे लिहायला माझा हात धजत नाही.

फ्लेक्स लावू नका. लोक विचारतील तर खरे ते सांगा. तुम्हाला सांगवत नसेल तर रविवारी मला त्या स्टेजवर उभे करा, मी सांगतो. तुम्ही समोर बसू नका, एवढेच मागणे आहे. नाही, तेही मागत नाही. बसा.

हे पत्र पीयूष तुमच्या हातात देईल. त्याच्या गाडीवर मागे बसून मीही आलो आहे आणि गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, उतरलो आहे. तुम्ही चष्मा शोधाल, मग वाचाल, तोवर मी तिथेच आहे. बोलवायचे असेल तर पीयूषजवळ सांगा. नसेल तर त्याला काहीच सांगू नका, मी समजेन. तुम्ही स्वतः मात्र पाळीवर चढू नका, तुमच्या गुडघ्याला ते सोसायचे नाही.

या वेळी मी लपलेला नाही.

तुमचा अपराधी,
टिकेश