तुरतुऱ्याचं घरटं

अकोला तुरुंग,
२ मार्च १९४४

प्रिय मनकर्णा,

हे पाकीट वामनदादांनी न फोडता तुझ्या हातात दिलं असेल. मागच्या मंगळवारी ते भेटीला आले तेव्हा मी त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली आणि मी तुला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. लिहायचो ते दादांना, मोडीत, आणि शेवटी ‘घरात सर्वांस यथायोग्य’ या तीन शब्दांत तू असायचीस. आज बाळबोधीत लिहितो आहे, टपोरं, ओळींत अंतर सोडून. तुझ्या आधी जेलरसाहेब वाचतील. वाचोत. ते परके आहेत, त्यांची लाज नाही. लाज आपल्या माणसांची वाटते, आणि आज ती बाजूला ठेवून बसलो आहे.

बातमी आधी सांगतो. माझी शिक्षा सतरा एप्रिलला संपते. चळवळीतल्या मंडळींचा निरोप आला आहे की फाटकावरूनच मला दौऱ्यावर न्यायचं: मलकापूर, मेहकर, चिखली, आणि मग पंधरा दिवसांनी आपल्या खामगावला मोठी सभा. परवानगी मिळावी म्हणून विषयही सोज्वळ काढला आहे, स्त्रीशिक्षण. मी अजून उत्तर दिलेलं नाही. एरवी असा निरोप आला की माझ्या डोक्यात पहिलं वाक्य आधी तयार होतं आणि होकार नंतर जातो. या वेळी पहिलं वाक्य सुचेना. त्याला कारण तू आहेस आणि ती खार आहे.

खारीची सुरुवात आठवते का? दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कापूस बाजारामागच्या मैदानात तंबू लागला होता. दादांच्या प्रतिमेने हट्ट धरला म्हणून सगळं घर बोलपटाला गेलं. मुख्य खेळाआधी दहा मिनिटं हलत्या चित्रांचा एक तुकडा दाखवला, तुरतुऱ्या नावाच्या खारीचा. झाडावरून उडी मारते, बोक्याला चकवते, पुन्हा उडी मारते, एवढंच. शब्द एक नाही, नुसतं वाद्य. तंबू हसून हसून फुटायचा बाकी होता. मी पुरुषांच्या बाजूला घडी घातल्यासारखा बसलो होतो आणि घरी येताना रस्ताभर मी भाषण केलं की देश पेटलेला असताना मोठी माणसं पैसे मोजून खार पाहतात. तू दोन पावलं मागे होतीस, प्रतिमा तुझ्या खांद्यावर झोपलेली. तू तंबूत हसलीस की नाही हे मला आजही माहीत नाही. कनातीच्या पलीकडे होतीस, आणि मी विचारलंही नाही.

मग मी इथे आलो. वर्तमानपत्रं यायची ती काळी फासलेली. मी मागवलेल्या ग्रंथांची निम्मी यादी नामंजूर व्हायची. पण घरून कपड्यांच्या गाठोड्यात तुरतुऱ्याच्या चित्रकथेच्या पुस्तिका येऊ लागल्या, त्या दोन आण्यांच्या, त्याच हलत्या चित्रांवरून काढलेल्या. त्यांना कोण अडवणार? पहिली मी तुच्छतेने उघडली. तिसरी येईपर्यंत माझी अवस्था अशी झाली की गाठोडं आलं की धोतर बाजूला आणि हात आधी तळाशी. आमच्या बराकीत धामणगाव बढ्याचे मोतीराम आहेत, साठीचे शेतकरी. ते मला रोज छळतात. “काऊन हो भगवंतराव, पोथी वाचून राह्यले का? आज कोन्ता अध्याय?” आणि मी जेवायला गेलो की स्वतः पालथे पडून तीच पुस्तिका वाचतात.

मनकर्णा, मी आयुष्यात पुष्कळ वाचलं. पण त्या तिसऱ्या पुस्तिकेत खार आंब्यावरून पडते ते पान मी विसरणार नाही. बोलपटात ती पडते आणि झालं. इथे ती चार चौकटी पडते आहे, आणि मधल्या दोन चौकटींत तिला विचार करायला वेळ मिळतो. आपण पान उलटलं नाही तर ती पडतच नाही. तुरुंगात बसलेल्या माणसाला ही केवढी गोष्ट आहे! तंबूतला बोका नुसती भिंतीवरची सावली होता, म्हणून त्याची भीती वाटायची. पुस्तिकेत त्याला चष्मा लावला आणि सगळा धाक गेला. पाचव्या पुस्तिकेपासून चित्रकाराचा हात बदलला हे मी शपथेवर सांगतो. शेपटीची केरसुणी झाली. कागद युद्धापायी पातळ झाला, पानं कमी झाली, त्याचा दोष मी देत नाही. पण मुक्या खारीला त्यांनी पहिल्या पुस्तिकेपासूनच बोलतं केलं होतं आणि आता तर प्रत्येक चौकटीत तिच्या तोंडी उपदेशाचा फुगा लटकवला, हे मात्र अक्षम्य आहे. मी या विषयावर बराकीत पाऊण तास बोललो. मोतीराम म्हणाले, “तुमालेच तं पाहून काढली असन ती खार.” सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

आणि त्याच पाचव्या पुस्तिकेत पहिल्यांदा पेन्सिलीची अक्षरं दिसली. समासात, वाकडी, दाबून काढलेली. “पडताना शेपूट वर पायजे. यानं खाली काढली.” खाली दुसऱ्या पानावर, “तुरतुऱ्या लई बोलते. काम कवा करते?” मी उडालोच. जे मी पाऊण तासात सांगितलं ते कोणीतरी सहा शब्दांत सांगून मोकळं झालं होतं. मला वाटलं, प्रतिमा. दहा वर्षांची झाली, शाळेत जाते, दुसरं कोण असणार? मग दादांच्या पत्रात मी दर वेळी ‘चि. प्रतिमेस’ म्हणून एक परिच्छेद लिहू लागलो. पुढच्या पुस्तिकेत उत्तर यायचं. बोका दूध पिऊन झोपतो आणि खार त्याच्या मिशा कापते तिथे, “झोपला तरी बोक्याचे कान जागे असतात.” मी त्यावर अर्धं पान युक्तिवाद केला आणि हरलो. सात महिने असा वाद चालला. या भिंतींच्या आत मला इतकी मजा दुसऱ्या कशाने दिली नाही.

आठव्या पुस्तिकेच्या शेवटच्या चौकटीत तुरतुऱ्या नेहमीप्रमाणे नव्या मोहिमेवर निघतो. तिथे लिहिलं होतं, “हा रोज जाते. घरट्यात कोन हाये ते चित्रवाल्यानं एकदाबी काढलं नाही.” त्यावर मी काय उत्तर लिहिलं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दादा माझी पत्रं माजघरात मोठ्याने वाचतात आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकतेस. मी लिहिलं होतं, “बाळ, पराक्रमाच्या गोष्टीत घरट्याचं चित्र काढत नसतात. घरटं आहेच हे वाचकाने गृहीत धरायचं असतं. मोठी झालीस की कळेल.” मला ते वाक्य आवडलं होतं. दोनदा वाचून मग पत्र दिलं होतं.

त्यानंतर दोन पुस्तिकांचे समास कोरे आले. मला वाटलं, पोर रुसली.

मंगळवारी दादा प्रतिमेला घेऊन आले. जाळीपलीकडून मी तिला म्हणालो, काय गं, टीका बंद का केलीस, आमचं चुकलं का? ती दादांकडे पाहून फिसकन हसली. म्हणाली, “काका, ते म्या नाही लिहिलं. काकू लिहिते. मी तं तिले पेन्सिल करून देते.” दादांना ठसका लागला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग तिने सगळं सांगून टाकलं. खारीची गोष्ट तंबूत पाहिलेली असल्यामुळे कुठल्या चित्रात खार काय म्हणत असेल हे तुला आधीच कळायचं, आणि त्यावरून तू फुग्यातलं एक एक अक्षर ओळखत गेलीस. दुपारी, ज्वारी निवडताना, सुपाखाली पुस्तिका ठेवून. वर्षभर. मी विचारलं, मग मला कळवलं का नाही? ती म्हणाली, “काकू म्हणे, त्याईले सांगू नको. ते भाषणात सांगतीन.”

मनकर्णा, माझ्यावर दगड आले आहेत, लाठी आली आहे. हे वाक्य लागलं तसं काही लागलं नाही. कारण ते खरं आहे. मी नक्की सांगितलं असतं. मलकापूरला सांगितलं असतं, मेहकरला थोडं वाढवून सांगितलं असतं, आणि टाळ्या घेऊन पुढच्या गावाला गेलो असतो. दहा वर्षं मी स्त्रीशिक्षणावर बोलतो आहे आणि एकदाही पाटी घेऊन तुझ्यासमोर बसलो नाही. तुला ते एका खारीने शिकवलं. त्या केरसुणीच्या शेपटीच्या, फार बोलणाऱ्या खारीने. त्या चित्रकाराला मी जे जे बोललो ते सगळं आज परत घेतो. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तुझेही. तू माझ्याशी सात महिने बोललीस. नाव दुसऱ्याचं होतं म्हणून मी ऐकून घेतलं, याची शरम वाटते. पण ऐकायला मिळालं याचा आनंद तिच्याहून मोठा आहे. बुधवारपासून सगळ्या पुस्तिका पहिल्यापासून वाचतो आहे. आता समास आधी वाचतो, चित्रं नंतर. मोतीरामांना सांगितलं नाही. कोणालाच सांगणार नाही. व्यासपीठावरून कधीच नाही, हा माझा शब्द.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. शेवटच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तू पेन्सिलीने घरटं काढलं आहेस. कडुनिंबाची बेचकी, काड्या, चिंध्या, आत एक खार बसलेली, शेपूट वर. तिच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघाला आहे, चांगला पानभर मोठा, आणि आत काहीच लिहिलेलं नाही. मला वाटलं होतं, पोरीने चित्र अर्धवट सोडलं. ते पान मी पुस्तिकेतून सोडवून या पाकिटात घातलं आहे. सोबत एक मोडीतली चिठ्ठी आहे, ती दादांना दे. तीत मंडळींसाठी निरोप आहे की सतराला मी दौऱ्यावर निघणार नाही, जलंबला गाडी बदलून खामगावला घरी जाणार. तोवर तो फुगा भर. ‘या’ लिही, ‘जा’ लिही, सोळा वर्षांचं लिही. जागा पुरली नाही तर कागद जोड. पण इकडे पाठवू नकोस, ते जेलरसाहेबांसाठी नाही. मी दारात आलो की माझ्या हातात दे. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचेन, आणि वाचून होईपर्यंत तोंड उघडणार नाही.

तुझाच,
भगवंत