देवमाशासाठी मिठाची पुडी

४ ऑक्टोबर २००३
दत्ताचा फोन आला. शिवहारच्या दुकानात जाऊन घेतला. नातू माझा, दापोलीच्या पुढं समुद्राकाठी मास्तर हाय. म्हणला, आजी, थंडीत ये, बोटीत बसवतो, डॉल्फिन दाखवतो. डोकेदुखीच्या गोळीचं नाव वाटतं. मी आपली देवमासाच म्हणणार.
मला मासा बघून काय करायचं? मी जाणार ते पोराला परत आणायला. आपल्या जिल्ह्यात बदली मागितली हाय त्यानं. आई गेल्यावर शेळीच्या दुधावर वाढवलं, तिकडं एकट्याला करमत नसंल.
मला करमतं. माझी काळी शेळी हाय.

२६ ऑक्टोबर, पाडवा
दत्ता न्हाई आला. ट्रेनिंग म्हणे. करंज्या आशाबाईला दिल्या. शेजारीण हाय, द्याव्या लागतात. तिनं विचारलं, नातू काहून न्हाई आला. मी म्हणलं, सरकारचं त्याच्यावाचून अडतं. तोंड वाकडं केलं, पण ताट रिकामं करून गेली.
ठरलं. आता मी फोन करणार न्हाई. त्यालाच करू दे.

२८ ऑक्टोबर
फोन केला. घरमालकानं उचलला. गुरुजी बाहेर गेलेत म्हणे.

१२ डिसेंबर, सकाळी
शिवहार सांगून राहिला, बोटवाले नुसते फिरवतात, मासा दिसला तर दिसला. अशानं काय दिसंल? जनावराला बोलवावं लागतं. आमच्या घरात मेंढरांशिवाय दुसरं काही झालं न्हाई. मूठभर खडेमीठ धरून हाक मारली की माळाच्या पल्याडचा कळप पळत येतो. जनावर कुठलं बी असो, मिठाला येतं.
पुडी बांधून ठेवली. आशाबाई म्हणली, मासा बी येईल? मी म्हणलं, काहून, त्याला जीभ न्हाई? तिला पटलं.

१६ जानेवारी २००४
संक्रांत गेली. दत्ताच्या शाळेत ग्यादरिंग हाय, आत्ता येऊ नको म्हणला. मला बी कुठं टाइम हाय? काळी गाभण हाय. ती व्याली की निघते.

३ मार्च
काळी व्याली. दोन पाटी, दोन्ही पिल्लं माद्याच. दत्ताला फोन करून सांगितलं. तो म्हणला, आता निवडणुकीचं काम लागंल. मी म्हणलं, मला बी लई कामं हायेत, रिकामी न्हाई मी. काळीचं सांगितलं, आशाबाईच्या गुडघ्याचं सांगितलं, बदलीचं काय झालं इचारलं. शिवहार म्हणला, आजी, तिकडून फोन केव्हाच ठेवला, तुम्ही कोणाशी बोलून राहिल्या?
त्याच्या मशीनीत बिघाड हाय.

९ मे, गाडीत
शाळेला सुट्टी लागली तरी दत्ता आला न्हाई. बराबर केलं. आला असता तर माझं जाणं राहिलं असतं. पावसाळ्यात बोटी बंद होतात, म्हणून आत्ताच निघाले.
काळी अन् पाटी आशाबाईकडं ठेवल्या. मीठ कमरेला. पंधरा दिवस राहायचं, येताना दोन टिकटं काढायची. पुण्यात दत्ता घ्यायला येणार.

१० मे
पुण्यात दत्ता न्हाई, त्याच्या शाळेतले एक सर आले. चांगला माणूस. मला ओळखायला त्रास झाला न्हाई म्हणला. दत्तानं सांगितलं होतं, जी बाई कंडक्टरशी भांडत असंल ती.

११ मे
दत्ता अंगानं भरलाय. भाकरी थापली, तर एक खाऊन म्हणला, आजी, आता भाताची सवय लागली. घामानं भूक मरते इथं. गावी गेल्यावर खाईल.

१२ मे, दुपारी
बोटीत गेलो. केशरी जाकीट घातलं मला, मेंढीला झूल घातल्यावाणी. पाणीच पाणी. लोक डोळे फाडून बसले, मासा काही येईना. म्हणलं, आता आपलंच काम. उभी राहिले, पुडी सोडली, मूठभर मीठ टाकलं अन् ड्युर्र ड्युर्र करून हाक मारली. पुन्हा टाकलं.
बोटवाला म्हणला, आजी, समुद्रात मीठ टाकताय? अख्खी बोट हसली. शेजारच्या बाईनं सांगितलं, पाणी चाखून बघा. करंगळी बुडवून चाखलं. तोंड वाळलं.
दत्ता म्हणला, आजी, तुला कुणी सांगितलं नव्हतं? मी म्हणलं, चार वर्षं झाली तुला इथं, तू सांगायचं.
मग बोटवालाच सांगत बसला, गुरुजी आता आमचेच. बदली आली होती, पण नको म्हणून लिहून दिलं त्यांनी. पुढच्या आळीत जागा घेतली. बोटवाला बडबड्या माणूस. त्याला वाटलं असंल, आजीला ठाऊक हाय.
दत्ता पाण्याकडं बघून राहिला.
तेवढ्यात मासे आले. सगळे त्या बाजूला धावले, लेकरं ओरडली. मी दत्ताकडं बघत होते.
त्यानं विचारलं, दिसला का? म्हणलं, दिसला.

१५ मे, पुण्याच्या स्टँडवर
निघाले. घाम सोसंना म्हणून, दुसरं काही न्हाई. टिकीट एकच काढलं, गर्दी लई होती. दापोलीला दत्ता गाडी हलेपर्यंत खाली उभा होता. पावसाळ्यात येतो म्हणला. येईलच. तेव्हा बोटी बंद असतात.

१७ मे, पुसेगाव, घरी
आशाबाई विचारायला आली. सांगितलं, म्हशीच्या पाठीवाणी काळा, लई मोठा, माझ्या हाकेला आला. मीठ खाल्लं? म्हणलं, सगळं.
मग काळीला आणायला गेले. पुडीत थोडं राहिलं होतं, तिच्यापुढं धरलं, हाक मारली. तिनं हुंगलं अन् आशाबाईच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसली. पाटी बी तिच्यामागं. आशाबाई म्हणली, मी रोज चारलं ना तिला, पोट भरलंय तिचं.
उद्या सकाळी नेते. आत्ता अंधार पडून राहिला.